साझ शिकायचा आहे: लांब दांडीचा घेऊ की आखूड?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही श्टुटगार्टला राहता, वय ३८, शाळेत असताना चार वर्षं हार्मोनियम शिकलात. खालच्या मजल्यावरचे तुर्की आजोबा संध्याकाळी साझ (तिकडचं तारांचं वाद्य) वाजवतात, तो ऐकून आता तुम्हालाही शिकायचाय. लांब दांडीचा घ्यावा की आखूड, इंटरनेटवरचा स्वस्तातला चालेल का, शिक्षकाशिवाय जमेल का आणि या वयात बोटं वळतील का, हे तुम्ही विचारलंय.

मी अंकारात नऊ वर्षं राहिले. तिथे एका संध्याकाळच्या वर्गात साझ शिकले, पुढे त्याच वर्गातल्या नवशिक्यांना शिकवू लागले आणि आता पुण्यात शिकवते. वयाचा प्रश्न आधी निकालात काढते. माझ्याकडे साठीनंतर सुरुवात केलेले दोघे आहेत आणि दोघेही गाण्यासोबत व्यवस्थित वाजवतात. अडतिसाव्या वर्षी बोटं वळतात. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी, आणि ती तुमच्या हार्मोनियमशी निगडित आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

आधी नावाचा घोळ. तुर्की लोक याला साझ म्हणतात आणि बाग्लामाही म्हणतात. त्या दुसऱ्या शब्दातला ग उच्चारात गळतो आणि आधीचा आ लांबतो, म्हणून कानावर 'बाऽलामा' पडतं. 'बाग्लामाक' म्हणजे बांधणं. दांडीवर पडदे बांधलेले असतात त्यावरून हे नाव आलं, असं बरेच जण सांगतात. पडद्याला ते 'पेर्दे' म्हणतात, म्हणजे आपलाच शब्द. दोन्हीकडे तो फारसीतून आला. साझ हे एक कुटुंब आहे. सगळ्यांत लहान तो जुरा, मग तांबुरा, मग नेहमीचा बाग्लामा, त्याहून मोठा दिवान आणि सर्वांत मोठा मेयदान. नवशिक्याने मधल्या आकाराचाच घ्यावा. जुरा लहान म्हणून सोपा वाटतो, पण त्याचे पडदे इतके जवळजवळ असतात की मोठ्या माणसाची बोटं एकमेकांवर चढतात.

आता लांब की आखूड. या प्रश्नाचं उत्तर दांडीत नाही, गाण्यात आहे. आजोबा जे वाजवतात त्यातलं नेमकं कोणतं गाणं तुमच्या मनात घर करून बसलंय? मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला हे विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत वाद्य घेऊ देत नाही. साझ हे मुळात गाणाऱ्याच्या हातातलं वाद्य आहे. अनातोलियाचे आशिक, म्हणजे गावोगाव फिरून स्वतःची कवनं गाणारे कवी, साझ घेऊन गायचे. आपल्याकडे शाहीर डफ-तुणतुण्यावर गातात, तसेच. फरक इतकाच की आशिक बहुतेक वेळा एकटा असतो. सूर, ठेका आणि मागचा भरणा हे सगळं त्या एका वाद्यातूनच काढायचं असतं.

तुम्हाला सरगम येते म्हणून तारांची जुळणी त्या भाषेत सांगते. साझवर तारांचे तीन जोड असतात, एकूण बहुधा सात तारा. सगळ्यांत खालचा, म्हणजे साझ हातात धरल्यावर जमिनीकडचा, जोड सा धरा. लांब दांडीच्या साझवर नेहमी जी जुळणी करतात तिला 'बोझुक द्यूझेन' म्हणतात. तिच्यात मधला जोड मंद्र मध्यमात आणि वरचा मंद्र कोमल निषादात असतो. आखूड दांडीवर 'बाग्लामा द्यूझेनी' चालते, तिला आशिकांची जुळणीही म्हणतात. तिच्यात मधला जोड तोच, पण वरचा मंद्र पंचमात येतो. फरक एका जोडाचा, पण हाताची सगळी चाल बदलते. पहिल्या जुळणीत गाण्याची चाल मुख्यतः खालच्या जोडावर वर-खाली धावते, हात दांडीभर फिरतो आणि अंगठा वरून येऊन वरचा जोड दाबतो. दुसऱ्या जुळणीत चाल तिन्ही जोडांवर वाटली जाते आणि हात बराचसा एका जागी राहतो.

म्हणून आजोबा जर किरशेहिरकडचे बोझलाक वाजवत असतील, म्हणजे नेशेत एर्ताश यांच्या वळणाचं, मोकळ्या गळ्याने गायचं गाणं, तर लांब दांडीचा घ्या. नेशेत एर्ताश (१९३८–२०१२) आयुष्यभर तोच वाजवत आले, त्यांचे वडील मुहर्रेम एर्ताशही त्याच परंपरेतले. एजियन किनाऱ्याकडचं संथ झेयबेक, कोन्याकडची लाकडी चमचे वाजवत नाचायची गाणी, अंकाराकडची उडती गाणी, या सगळ्यांना लांब दांडी सोयीची. पण आजोबा अलेवी असतील आणि देयिश म्हणत असतील, म्हणजे त्यांच्या पंथाची भजनं, तर आखूड घ्या. १९८० च्या दशकात आरिफ साग यांनी आखूड दांडीला मंचावर आणलं. त्यांच्यानंतर नखीविना नुसत्या बोटांनी वाजवायची शेल्पे ही पद्धत एर्दाल एर्झिंजान आणि एरोल पार्लाक यांनी इतकी फुलवली की आज बहुतेक तरुण आखूडच घेतात. तुम्हाला खरंच काहीच ठरवता येत नसेल तर मी आखूड सुचवेन. हात कमी ताणावा लागतो, आणि जर्मनीत जे शिक्षक भेटतील त्यांच्यापैकी पुष्कळांकडे तोच असेल.

आता हार्मोनियमचं. हार्मोनियमवर सप्तकात बारा सूर. साझवर सप्तकात सतरा पडदे. हे जादा पाच सूर हार्मोनियमला माहीतच नाहीत. त्यातला पहिला आणि सगळ्यांत महत्त्वाचा म्हणजे कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधला रिषभ. तुर्की लोकसंगीताच्या लिखाणात सूर कोमाने मोजतात. एका पूर्ण सुराचे नऊ कोमा, आणि हा रिषभ षड्जापासून सुमारे सात कोमांवर बसतो. धैवताचंही तेच. तुम्ही काफीचा आरोह डोक्यात ठेवा आणि रिषभ-धैवत दोन्ही किंचित उतरवा, की अनातोलियातली निम्मीअधिक गाणी ज्या चौकटीत बसतात तिच्या दारात तुम्ही उभे राहाल.

माझ्याकडे एक मुलगा यायचा, गिटार चांगली वाजवायचा. त्याने साझ घरी नेला आणि मोबाइलवरचं सूर दाखवणारं ॲप लावून एकेक पडदा तपासला. हिरवा दिवा लागेना म्हणून तो पडदा सरकवत गेला. साझचे पडदे म्हणजे दांडीवर चार-पाच वेढे घेऊन बांधलेला नायलॉनचा दोरा, नखाने ढकलला तरी हलतो. पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा पाचही जादा पडदे शेजारच्या पडद्यांना जाऊन चिकटले होते आणि तो आनंदाने म्हणाला, आता सगळं सुरात आहे. मी त्याच्याकडून गाणं वाजवून घेतलं. सूर सगळे ॲपप्रमाणे बरोबर होते, आणि गाणं ओळखू येत नव्हतं. मग मी माझ्या साझवर तो रिषभ नुसता धरून ठेवला आणि त्याला त्यावर आ लावायला सांगितलं. पंधरा मिनिटं आम्ही दुसरं काही केलं नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याचा गळा तिथे टेकला, आणि मग त्याने स्वतःच पडदे परत जागेवर नेले, ॲप न उघडता.

तुमच्या कानाला हार्मोनियमची सवय आहे म्हणून हे इतकं लांबवून सांगितलं. पहिले दोन महिने तुम्हाला तो पडदा चुकलेला वाटेल. तो चुकलेला नाही. त्यावर रोज पाच मिनिटं गा. पहिल्या वर्षात एकही पडदा हलवू नका. शंका आली तर जाणकाराला दाखवा. तारा जुळवायला ॲप जरूर वापरा, पण तेवढ्यापुरतंच. आणि लक्षात ठेवा, तुर्की नोटेशनमध्ये लिहिलेला 'ला' हा सूर पाश्चात्त्य संगीतातला ठरावीक ला नसतो. आपण काळी चार की पांढरी एक हे गळ्यावरून ठरवतो, तसा त्यांचा ला वाद्याच्या आकारावर आणि गाणाऱ्याच्या पट्टीवर ठरतो. खालची तार ०.१८ किंवा ०.२० मिलिमीटर जाडीची पोलादी असते. पट्टी न विचारता खुंटी पिळत गेलात तर ती तुटून गालावर येते.

उजव्या हाताबद्दल मला सगळ्यांत जास्त सांगायचंय, कारण शिकवण्यांच्या बहुतेक व्हिडिओंत डावा हातच दाखवतात. साझ नखीने वाजवतात, तिला तेझेने म्हणतात. पूर्वी ती चेरीच्या सालीची करायचे, आता प्लॅस्टिकची मिळते. ती पातळ आणि लवचिक हवी. गिटारची जाड नखी घेतलीत तर एका फटक्यात तारांचा पूर्ण जोड वाजणार नाही, तार नुसती टोचल्यासारखी वाजेल. नखी अंगठा आणि तर्जनीत इतकी सैल धरायची की कुणी टोक ओढलं तर निघून यावी. नवशिक्याला ती पडेल अशी भीती वाटते, म्हणून तो आवळतो, मग मनगट आखडतं आणि दहा मिनिटांत कोपरापर्यंत दुखू लागतं. नखी पडू द्या. पहिल्या महिन्यात ती पन्नासदा पडेल.

अंकारातल्या आमच्या गुरुजींनी पहिला महिनाभर आम्हाला एकही गाणं शिकवलं नाही. ते खिशातून धुतलेला पांढरा रुमाल काढायचे, घडी करून घोडीजवळ (पोटावरची जी पट्टी तारा तोलून धरते ती) तारांखाली सरकवायचे, म्हणजे सूर बंद आणि नुसती टकटक उरायची. मग ते स्वतः गुणगुणायचे आणि आम्ही टकटक करायची. खाली, वर, खाली, वर. मग नऊ मात्रांचं: दोन, दोन, दोन, तीन. शेवटच्या तिनात आम्ही सगळे घाई करायचो. ते थांबवून म्हणायचे, चालत ये. आणि खरोखर खोलीत चालायला लावायचे, तीन लहान पावलं आणि एक लांब. माझ्या पायांत ते बसलं तेव्हा कुठे हातात आलं. मी आजही नव्या माणसाला रुमालापासूनच सुरुवात करून देते. शेजाऱ्यांनाही त्रास नाही.

तुम्ही तबला ऐकलेला असेल तर सातची मात्रा तुम्हाला परकी वाटणार नाही, रूपकाची तीन-दोन-दोन तुमच्या अंगात असेल. तुर्की गाण्यांत सात हे दोन-दोन-तीन असंही येतं आणि दोन-तीन-दोन असंही. दहा मात्रांची गाणीही भरपूर आहेत. फरक लयीचा. आपण जे मध्यलयीत मोजतो ते तिथे पुष्कळदा इतकं जलद जातं की मोजता येत नाही, लांब-आखूड पावलांसारखं अंगानेच ओळखावं लागतं.

या उजव्या हातावरच पुढे सगळा प्रांतांचा फरक उभा आहे. त्याला 'ताव्हर' म्हणतात. एकच चाल कोन्याच्या ताव्हराने वाजवली तर वेगळी, झेयबेकाच्या ताव्हराने वेगळी, योझगातची अजून वेगळी. नखी कुठल्या जोडावरून सुरू होते, कुठे तिन्ही जोडांना घासून येते, कुठे झटका देते, यावर ते ठरतं. हे नोटेशनमध्ये जवळजवळ येतच नाही. १९३७ पासून अंकाराच्या कॉन्झर्व्हेटरीची माणसं गावोगाव जाऊन गाणी ध्वनिमुद्रित करत होती. मुझाफ्फेर सारीसोझेन यांनी त्यातून अफाट संग्रह केला आणि १९४० च्या दशकात अंकारा रेडिओवर 'युर्त्तान सेस्लेर' हा गायनवृंद उभा केला. त्या परंपरेतून आलेली हजारो गाण्यांची नोटेशन्स आज सहज मिळतात, तुम्हालाही मिळतील. ती सांगाड्यासारखी वापरा. मांस ध्वनिमुद्रणातून घ्यावं लागतं. एक गाणं निवडा, आठवडाभर नुसतं ऐका, मग गा, शब्दांचा अर्थ काढा, आणि मगच वाद्य हातात घ्या. गळा बरा नसला तरी गा. ज्याने गाणं गायलेलं नाही त्याचा श्वास चुकीच्या जागी पडतो आणि ते साझमध्ये स्पष्ट ऐकू येतं.

पहिलं गाणं आशिक वेयसेल यांचं घ्या असं मी म्हणेन. सिवासजवळच्या सिव्रिआलान गावचे (१८९४–१९७३), लहानपणी देवीच्या साथीत दृष्टी गेली. त्यांचं वादन ऐकायला सोपं वाटतं: थोडे सूर, खाली सतत घुमणारा भरणा, कुठेही घाई नाही. ते जसंच्या तसं काढायला वर्षं लागतात, पण नवशिक्याला पहिल्या दिवसापासून त्यात जागा मिळते.

खरेदीबद्दल. मी माझा पहिला साझ इस्तंबूलच्या बाजारातल्या एका दुकानातून घेतला, शिंपल्याची नक्षी पाहून. घरी आणून पाहते तर मधल्या पडद्यांवर तारा इतक्या उंच की दाबताना सूर चढायचा, आणि दांडी किंचित पुढे झुकलेली. गिटारच्या दांडीत सरळ करायचा लोखंडी गज असतो, साझच्या दांडीत बहुधा नसतो. वाकली की वाकली. तो साझ वर्षभर मला चुकीचे सूर शिकवत होता. म्हणून स्वस्त आहे की महाग हे नंतर, आधी हे पाहा: दांडीला डोळा लावून खुंट्यांकडून घोडीकडे नजर टाका, रेष सरळ हवी. दांडी जिथे पोटाला मिळते तिथे तार लाकडापासून तीन-चार मिलिमीटरपेक्षा वर नको. मोकळी तार वाजवा, मग तिच्या मध्यावरच्या पडद्यावर दाबून वाजवा, बरोबर वरच्या सप्तकातला तोच सूर यायला हवा. खुंट्या लाकडी असतात, घसरत असतील तर खडू लावून बसतात, त्याची काळजी नको. पोट तुतीच्या एका ओंडक्यातून कोरलेलं असो किंवा पट्ट्या जोडून केलेलं, नवशिक्यासाठी फरक नाही. तबली, म्हणजे पोटावर बसवलेली पातळ फळी, मात्र खऱ्या स्प्रूसच्या लाकडाची हवी, प्लायवूडची नको. नक्षीला पैसे देऊ नका.

आणखी एक. घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. त्यामुळे सगळ्या तारा एकदम काढू नका, एकेक बदला. श्टुटगार्टच्या हिवाळ्यात साझ हीटरपासून लांब ठेवा, तबली सुकून तडकते. माझी अडचण उलटी: पुण्यातल्या पहिल्याच पावसाळ्यात तबलीची कड सुटली. मी तो मिरजेला एका सतारमेकरांकडे नेला. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगीच नाही.) त्यांनी असं वाद्य आधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी कड बसवली, मग पडद्यांवरून अंगठा फिरवत त्या मधल्या रिषभाशी थांबले, दोनदा वाजवून पाहिला आणि म्हणाले, हा इथेच राहू दे, याला हात लावत नाही.

बसताना उजव्या मांडीवर साझ घसरतो, कारण पोट गोल. कपाटाच्या फळीवर अंथरायची रबरी जाळी असते ना, तिचा हातभर तुकडा मांडीवर घ्या. डाव्या हाताने दांडी तोलून धरावी लागत असेल तर बसणं चुकलंय, तो हात मोकळा हवा.

शिक्षकाशिवाय जमेल का? डावा हात व्हिडिओवरून जमतो, उजवा नाही. पहिले सहा महिने पंधरा दिवसांतून एकदा तरी कुणीतरी जवळ बसून तुमचं मनगट पाहायला हवं. रोज वीस मिनिटं पुरे, रविवारी तीन तास नको. किती दिवसांत गाणं निघेल ते तुम्ही किती गाता यावर आहे. माझ्याकडचे गाणारे लोक तीन महिन्यांत पहिलं गाणं धरतात, न गाणाऱ्यांना दुप्पट लागतात. जर्मनीत तुम्हाला शिक्षक शोधायला त्रास पडू नये. १९६१ च्या करारानंतर तुर्की कामगार तिथे गेले, त्यांच्याबरोबर साझही गेला, आणि २०१३ साली बर्लिनच्या संगीत परिषदेने बाग्लामाला वर्षाचं वाद्य म्हणून निवडलं. पुष्कळ शहरांत अलेवी मंडळांच्या केंद्रांत मुलांचे वर्ग चालतात, मोठ्यांनाही घेतात.

पण त्याआधी खालच्या मजल्यावर जा. ज्यांचं ऐकून तुम्हाला हे सुचलं त्यांनाच विचारा की ते कोणत्या गावचे, कोणती जुळणी लावतात. वर लिहिलेल्या निम्म्या गोष्टींचा निकाल तिथेच लागेल. ते अलेवी असतील तर वाजवण्याआधी साझचं चुंबन घेऊन तो कपाळाला लावताना दिसतील. त्यांच्या जेममध्ये, म्हणजे सामूहिक उपासनेत, साझला तारांचं कुराण म्हणतात. आपण वाद्याला पाय लागला की नमस्कार करतो, तेच मनात धरा: जमिनीवर ठेवू नका, ओलांडू नका, त्यांनी हातात दिला तर दोन्ही हातांनी घ्या. आणि कोणतं गाणं तुम्हाला आवडलं ते गुणगुणून दाखवा, नाव माहीत नसलं तरी चालेल.